हॅटीच्या मापाची बंदूक

"मग काप दस्ता!"

"काय म्हणालीस?"

"दस्ता काप म्हटलं. दोन इंच. ती बघ करवत, तुझ्या डोक्यामागेच लटकतेय."

मर्ल हॅकनबर्गने बहिणीकडे असं पाहिलं, की तिने जणू पोटच्या पोराचा पाय कापायला सांगितला होता. त्याने कामाच्या टेबलावरची लांबलचक बंदूक उचलली आणि छातीशी धरली.

"डेल्फा, शुद्धीवर आहेस ना? पणजोबांनी घडवून घेतलेली बंदूक आहे ही. या मेपलच्या लाकडावरची लाट बघ. अशी लाट आता झाडांना येतच नाही."

"लाटेचं कौतुक पुरे. पोरीचं बोट चापापर्यंत पोचतं का ते सांग."

"पोचतं!"

"हॅटी, ये गं इकडे. हात धुऊन ये आधी."

कोठाराच्या दारात उलट्या बादलीवर बसून हॅटी बिटाच्या रसात मुरवलेलं अंडं खात होती. ही मर्लची नात. ऑक्टोबरात बारा पूर्ण झालेली, अंगाने काडी, दोन्ही गुडघ्यांवर खरचटलेलं. तिने लाल झालेली बोटं विजारीला पुसली आणि येऊन उभी राहिली. डेल्फाने तिचा उजवा हात कोपरात वाकवला, बंदुकीच्या दस्त्याचं बूड कोपराच्या खळग्यात टेकवलं आणि दस्ता हाताच्या पुढच्या भागावर आडवा ठेवला. मापात असती तर पोरीचं बोट चापाभोवती वळलं असतं. इथे बोट हवेतच थांबलं. चाप पुढे दोन इंच.

"बघ."

"जरा ताणलं की टोक लागतं, डेल आत्या," हॅटी घाईने म्हणाली.

"ऐकलंस? लागतं म्हणतेय!"

"टोक लागतं म्हणतेय. आणि ताणलं की खांदा पुढे जातो, मान मागे जाते, आणि साडेनऊ पौंडांच्या बंदुकीची नळी खाली झुकते. ही बंदूक नाही, मर्ल, शिडी आहे."

"वाढेल की पोर! वाढत्या मापाचे बूट घेतोच ना आपण मुलांना?"

"बूट उलटी लाथ मारत नाही. बंदूक मारते."

मर्लने बंदुकीच्या दस्त्यातली पितळी पेटी उघडली आणि झाकण तिच्यासमोर धरलं. झाकणाच्या आतल्या बाजूला अक्षरं कोरलेली होती, एकाखाली एक. पहिली दोन झिजून गेलेली, मग त्यांच्या वडिलांचं, मग मर्लचं, मग डेल्फाचं, सगळ्यात खाली मर्लच्या मुलाचं, म्हणजे हॅटीच्या बापाचं, टॉडचं.

"आपल्यात बाराव्या वर्षी पहिला बार हिच्यातूनच काढतात. वडिलांनी काढला, मी काढला, तू काढलास. एकाने तरी मोजपट्टी आणली होती का?"

डेल्फा त्या झाकणाकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आणायला हवी होती."

"आता हिचीच पाळी. सव्वीस डिसेंबरला मी हिच्याबरोबर जंगलातल्या त्या बीच वृक्षाखाली उभा राहणार, आणि हिच्या हातात ही असणार. टॉडशी बोलणं झालंय. तो म्हणाला, पॅप, तुम्ही म्हणाल तसं."

"टॉड ट्रक घेऊन ओहायोत आहे. तो कशालाही हो म्हणेल."

"तुला प्रॉब्लेम काय आहे नक्की?"

डेल्फाने खुंटीवरचा कोट काढला. "हॅटी, शाळा सुटल्यावर मंगळवारी बसमधून उतरायचं नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत यायचं माझ्याबरोबर. श्रॉककडे जायचंय."

"श्रॉक!" मर्ल ओरडला. "दुकानातली बंदूक? पहिली बंदूक दुकानातून?"

डेल्फा गाडीकडे निघाली होती.

*

पेन्सिल्व्हेनियाच्या दोन डोंगरांमधल्या त्या खोऱ्यात डेल्फा हॅकनबर्गला ओळखत नाही असं माणूस सापडणं कठीण. एकतीस वर्षं ती शाळेची नऊ नंबरची बस चालवत होती. ज्यांना तिने पहिलीत उचलून पायरीवर ठेवलं, त्यांची पोरं आता तिच्या बसमध्ये मागच्या बाकावर दंगा करत. डेल्फा कधी ओरडली नाही. दंगा वाढला की ती बस रस्त्याच्या कडेला घ्यायची, इंजिन बंद करायची आणि पिशवीतून विणकाम काढायची. जानेवारीत सुद्धा. इंजिन बंद म्हणजे हीटर बंद. पाच मिनिटांत मागची पोरं एकमेकांना गप्प करायची. मग ती टाका पुरा करून, सुया नीट गुंडाळून, बस सुरू करायची. लग्न तिने केलं नाही. का, असं विचारायची हिंमत खोऱ्यात दोघांनीच केली होती, आणि तिने दोघांनाही 'आपापल्या छपराची गळती बघा' म्हणून सांगितलं होतं.

हरणांच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी या भागात शाळेलाच सुट्टी असते, कारण वर्गात मास्तर तरी कुठून येणार. पण हॅकनबर्गांचा खरा मोसम नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा. तेव्हा फक्त चकमकीची बंदूक चालते. नळीच्या तोंडातून दारू भरायची, तेलकट चिंधीत गुंडाळलेली गोळी गजाने ठासायची, बाहेरच्या प्याल्यात चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवायची बारीक दारू, घालायची. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते, रंजक भपकन पेटते आणि तो जाळ नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक भोकातून, आत शिरून बार उडवतो. भपका आणि बार यांच्या मध्ये एक क्षण असतो. पापणी लवायच्या आतला, पण असतो. त्या क्षणात जो डोळे उघडे ठेवून, बंदूक हलू न देता उभा राहतो, त्याचंच हरीण.

डेल्फा दर वर्षी जायची. सेहेचाळीस हिवाळे. तिच्या नावावर एकही हरीण नव्हतं.

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बकव्हीटच्या धिरड्यांचं जेवण असलं की यावर हमखास विनोद व्हायचा. "काय डेल्फा, यंदाही तुझ्या झाडाखाली हरणं सहलीला आली होती म्हणे?" "तिच्या बसची वाट बघत उभी असतात!" डेल्फा सगळ्यांबरोबर हसायची आणि आणखी एक धिरडं घ्यायची. "माझ्या बाजूला येतच नाहीत हो." मोसम संपला की बाकीचे हवेत बार काढून बंदूक रिकामी करत. ती गजाच्या टोकाला फिरकी लावून गोळी उपसून काढायची. लोक म्हणत, चिक्कू आहे, एक बार सुद्धा वाया घालवत नाही.

*

श्रॉकचं दुकान म्हणजे त्याच्या घोडागाडीच्या शेडमागची एक लांब खोली. पंथाचा नेम म्हणून वीज नाही, उजेडाला वर काचेची दोन तावदानं. म्हातारा दाढीवाला, काळी बंडी, बोलणं मोजून-मापून. त्याने हॅटीला नाव विचारलं नाही, वयही नाही.

"उजवा डोळा की डावा?" एवढंच विचारलं.

"म्हणजे?"

"हात लांब कर. अंगठा त्या खिळ्यावर धर. एक डोळा मीट. आता दुसरा. खिळा कुठल्या डोळ्याने हलतो?"

"डावा मिटला तर नाही हलत."

"उजवा डोळा तुझा." तो उठला आणि आतून तीन बंदुका घेऊन आला.

पहिली काळी, तकतकीत, वर दुर्बीण. हॅटीचे डोळे चमकले. श्रॉकने मान हलवली. "ही दाखवायला आणली. चकमक नाही हिला. तुमच्या मोसमात चालत नाही. पोरं आधी हिच्याकडेच बघतात, म्हणून आधी बघून होऊ दे."

"झालं बघून," डेल्फा म्हणाली.

दुसरी देखणी, लांब, पितळेने मढवलेली. हॅटीने हात लावला आणि पटकन काढून घेतला. तिसरी अगदीच साधी. अक्रोडाच्या लाकडाचा काळसर दस्ता, अठ्ठावीस इंची नळी, ना नक्षी ना पितळ.

"ही शेळपटासारखी दिसते," हॅटी पुटपुटली.

"दिसण्यावर जायचं असेल तर शेळपट कोण ते मीच सांगतो," श्रॉक म्हणाला. "डोळे मीट. मीट म्हणतो ना! आता ही घे, खांद्याला लाव, जशी सोपी पडेल तशी. गालाला टेकव. टेकवलीस? आता उघड. नळीच्या टोकावरची माशी दिसते?"

"हो."

"कुठे?"

"खाचेच्या मधोमध." ती स्वतःच चकित झाली. "मी काहीच नाही केलं."

"तू काही करायचंच नसतं. आता ती दुसरी घे. डोळे मीट. उघड."

"माशी दिसतच नाही. नुसती नळी दिसतेय."

"झालं की नाही मग." म्हाताऱ्याने साधी बंदूक पुन्हा तिच्याकडे दिली. "पंचेचाळीसची गोळी. सहा पौंड. बूड सपाट, चंद्रकोरीसारखी खोबण असलेलं नाही. जुन्या लांब बंदुकांची ती कोर दंडावर टेकवायची असते. लहान हाताची पोरं ती खांद्याच्या खळग्यात रुतवतात, आणि मग—" त्याने बूड तिच्या खांद्यावर हलकेच दाबलं.

हॅटीचा चेहरा कळवळला.

डेल्फा पुढे झाली. तिने काही न विचारता पोरीच्या शर्टाची कॉलर बाजूला केली. खांद्याखाली जांभळं-हिरवं, चंद्रकोरीच्या आकाराचं. एक जुनं, त्यावर एक नवं.

"कधीपासून चालवतेयस ती?"

"तीन शनिवार." हॅटीने कॉलर ओढून घेतली. "पॅपना नको सांगूस. त्यांना वाटतं मला जमतंय."

"आणि जमतंय?"

"फळीला लागतात दोन-दोनच." ती जमिनीकडे बघत राहिली. "आत्या, तुला एक विचारू? भपका झाला की तुला काय दिसतं? मला नुसतं पांढरं दिसतं. पॅप म्हणतात हरीण दिसायला हवं. मला वाटतं माझ्याच डोळ्यांत काहीतरी आहे."

डेल्फाला उभ्या उभ्या स्वतःचं बारावं वर्ष आठवलं. तीच बंदूक, तीच कोर, तोच खांदा. हरीण चाळीस पावलांवर, आडवं. भपका झाला, पांढरं झालं, आणि तिने डोळे उघडले तेव्हा मादी मागचा पाय लोंबकळत ठेवून पळत होती. वडील आणि मर्ल दोन दिवस रक्ताच्या थेंबांवरून फिरले. सापडली नाही. तिसऱ्या दिवशी वडिलांनी तिच्या नावाचं अक्षर झाकणात कोरलं आणि म्हणाले, गारगोटी बोथट होती. त्यानंतर किती तरी हरणं तिच्या झाडासमोर येऊन उभी राहिली होती. तिने प्रत्येक वेळी घोडा चढवला होता, आणि प्रत्येक वेळी तो हलकेच परत खाली ठेवला होता.

"तुझ्या डोळ्यांत काही नाही," ती म्हणाली. "डोळे मिटायची सवय लागते. आणि एकदा बसली की जन्मभर सुटत नाही. पण तीन शनिवारांत बसत नाही. अजून वेळ आहे. श्रॉक, ही बांधा."

पैशांचं बोलणं दोन वाक्यांत आटोपलं. निघताना म्हाताऱ्याने एक बोटभर लाकडाचा तुकडा हॅटीच्या हातात ठेवला. "गारगोटीच्या जागी हा लावायचा. रोज रात्री जेवणाआधी वीस वेळा चाप ओढायचा. ना भपका, ना आवाज. डोळे उघडे आणि नळी जागेवर. दोन आठवडे. मग दारू."

*

दोन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी, मर्लने कोठारामागच्या बांधावर फळी रोवली आणि कोळशाने तिच्यावर वाटीएवढा गोल काढला. त्याचा चेहरा नाराज होता, पण त्याने शर्त मान्य केली होती. दोन्ही बंदुका, पाच-पाच गोळ्या. जिच्यातून जास्त लागतील ती सव्वीसला जाणार.

"आधी आपली," तो म्हणाला. "आणि पहिला बार मी भरणार. घरातला मोठा माणूस भरतो, ही रीत आहे."

"भर ना. कोण अडवतंय?"

"अडवत नाहीस, पण बघतेयस कशी! कागदोपत्री चूक काढायला आलेल्या बाईसारखी." त्याने चिंधीवर गोळी ठेवली. "श्रॉकने काय मंत्र दिला कुणास ठाऊक. लाकडाचा तुकडा लावून घरात टकटक करत बसते पोर. जेवणाच्या आधी! माझ्या घरी सूप निवतं तोवर."

"निवू दे. गरम सूपने तोंड भाजतं."

"तुला सगळ्याला उत्तर आहे." गज खाली गेला. "वडील असते तर—"

"वडील असते तर त्यांना पण हेच सांगितलं असतं."

"त्यांच्यासमोर तुझी जीभ कधी उचलली होती का?" त्याने गज बाहेर काढला, प्याल्यात रंजक घातली आणि बंदूक हॅटीकडे दिली. "ये बाळा. सावकाश. हरीण आहे समज."

हॅटीने कानांवर झाकणं चढवली, चष्मा लावला. बंदूक उचलली. हात ताणला, खांदा पुढे गेला, नळी थरथरत वर आली. तिने चाप ओढला.

भपका.

आणि मग काहीच नाही. प्याल्यातून धुराची एक चुटकी वर गेली, इतकंच. पण बार उडाला नाही म्हणून जे एरवी धुरात आणि धक्क्यात लपतं, ते तिघांनाही लख्ख दिसलं. पोरीने डोळे गच्च मिटले होते, मान फिरवली होती, आणि नळी झटक्याने वीतभर खाली गेली होती.

"हलू नकोस!" मर्ल म्हणाला. "फळीकडेच धरून ठेव. मिनिटभर." मिनिट गेलं. त्याने बंदूक घेतली, गज आत सोडला, आणि गजावरची भरल्याची खूण नळीच्या तोंडाखाली गेलेली बघून त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"कोरडी गोळी," डेल्फा म्हणाली. "दारू घालायची विसरलास."

"तू बडबड करत होतीस!"

"पॅप, तुम्ही बडबडत होतात," हॅटी म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"बरं, झालं! साठ वर्षांत तिसऱ्यांदा झालं. सगळ्यांचं होतं." त्याने नळीच्या कानातून बारीक दारू चिमटीचिमटीने आत सरकवली, गोळी पुन्हा ठासली आणि बंदूक फळीकडे धरून ती गोळी बाहेर उडवली. मग मागे न बघता म्हणाला, "आता पुन्हा. या वेळी नीट."

"मर्ल. तू पाहिलंस ना?"

"काय?"

"तिचे डोळे."

"पहिला बार आहे आजचा. दचकली. सगळे दचकतात. दहा गोळ्यांनी जातं ते."

"नाही जात."

"तुला काय माहीत? तू आयुष्यात एक तरी—" तो थांबला. पण वाक्य निम्म्याहून जास्त बाहेर पडलंच होतं.

डेल्फाने कोट काढून कुंपणावर टाकला. "दे ती इकडे. तू भर. पण मी पाठ फिरवून उभी राहते. दारू घाल किंवा घालू नकोस, मला सांगायचं नाही. आणि मी चाप ओढेन तेव्हा फळीकडे बघायचं नाही. माझ्या तोंडाकडे बघायचं. हॅटी, तू पण."

"हे काय नाटक आहे?"

"भर म्हटलं ना."

तिने पाठ फिरवली. मागे गज वाजल्याचा आवाज आला. भरला की भरल्याचं सोंग केलं, तिला कळलं नाही. मर्लने बंदूक तिच्या हातात ठेवली. आता ती डेल्फाच्या मापाची होती. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईच्या हाताला चाप नीट लागत होता, कोर दंडावर नेमकी बसत होती. माशी खाचेत स्थिर होती. तिने श्वास सोडला आणि चाप ओढला.

भपका. बार नाही. मर्लने फक्त रंजक घातली होती.

तिने डोळे उघडले तेव्हा नळी जमिनीकडे झुकलेली होती, गाल दस्त्यावरून सुटलेला होता, आणि तिचा स्वतःचा खांदा कानाला लागलेला होता. तिने तो मुद्दाम लगेच खाली घेतला नाही. दोघांना बघू दिलं.

"आत्या," हॅटी हळूच म्हणाली, "तू पण?"

"मी पण."

मर्लच्या हातातला गज तसाच राहिला. "कधीपासून?"

"बाराव्या वर्षापासून. हिच्यातूनच. त्या मादीचा पाय मी डोळे मिटून मोडला, मर्ल. गारगोटी चांगली होती. त्या आठवड्यात मीच बदलली होती."

"वडील म्हणाले—"

"वडिलांनी पाहिलं होतं. त्यांनी मला वाचवलं असं त्यांना वाटलं. नसतं वाचवलं तर बरं झालं असतं. कुणीतरी लहान बंदूक दिली असती, लाकडाचा तुकडा दिला असता. मी पुन्हा चाप ओढला नाही. आजपर्यंत एकदाही नाही. माझ्या बाजूला हरणं येत नाहीत असं मी सांगत आले. येतात. दर वर्षी येतात. एकदा तर आठ टोकांच्या शिंगांचा नर माझ्या बुटापासून दहा पावलांवर येऊन चरत होता."

गेली कित्येक वर्षं हॉलमध्ये त्या विनोदांवर सगळ्यात मोठ्याने हसणारा मर्लच होता.

"तू हसत होतीस आमच्याबरोबर," तो म्हणाला.

"मग काय करणार होते? नाहीतर धिरडं गार झालं असतं."

मग हॅटीने कोठाराच्या भिंतीला टेकवलेली श्रॉककडची बंदूक उचलली. तिने कुणाची परवानगी घेतली नाही. शिंगातून मापात दारू ओतली, मापातली दारू नळीत. चिंधी, गोळी, गज. गजावरची खूण नळीच्या तोंडाशी बरोबर थांबते का ते दोनदा बघितलं. भरताना ती एक शब्द बोलली नाही, आणि मर्लने ते पाहिलं. रंजक घातली. बंदूक उचलली, गालाला लावली.

भपका, बार. धूर.

"गोलाच्या बाहेर," मर्ल म्हणाला. "डावीकडे चार बोटं."

"माहीत आहे," हॅटी म्हणाली. "मला दिसली. पॅप, धुरातून फळीचा ढलपा उडालेला दिसला मला!"

दुसरी गोलाच्या कडेला. तिसरी आत. चौथी आत. पाचवीला तिने पुन्हा डोळे मिटले. तिला स्वतःलाच कळलं, आणि ती इतक्या जोरात स्वतःवर वैतागली की बर्फात पाय आपटला. "मी मिटले! परत भरते."

"पाच झाल्या," मर्ल म्हणाला.

"सहावी भरते."

"भरू दे," डेल्फा म्हणाली.

"पण आता दुसऱ्या बंदुकीची पाळी. पाच-पाच ठरलं होतं." मर्लने हातातल्या लांब बंदुकीकडे पाहिलं. नातीच्या खांद्याकडे पाहिलं. तिने कॉलर घट्ट ओढून घेतली तेव्हाच त्याला कळलं असावं, कारण बंदूक तिच्याकडे द्यायला तो पुढे झाला नाही. "दाखव," तो म्हणाला.

"काही नाही पॅप."

"दाखव म्हणतोय."

तिने दाखवलं. मर्लने एकदाच बघितलं आणि मान बाजूला फिरवली.

"हिच्यातून पाच नकोत," तो म्हणाला. "एक पण नको. लहानच ने सव्वीसला. मी येतो उभा राहायला. पण गज मी सांभाळणार, आणि भरताना कुणी बोललेलं चालणार नाही. आत्याने तर अजिबात नाही."

"मी फक्त पाचव्याच वेळी मिटले ना?" हॅटी विचारत होती. पण ती त्याला नाही, डेल्फाला विचारत होती, आणि तोवर नळी पुसायची चिंधी गजाला लावून झाली होती तिची. "आत्या, ये ना. सव्वीसला अजून बारा दिवस आहेत. तू माझं तोंड बघ, मी फळी बघते. आणि मग मी तुझं बघते. लाकडाचा तुकडा माझ्या खिशातच आहे."

"माझं आता काय बघायचंय? अठ्ठावन्न वर्षांची घोडी मी."

"बस चालवताना डोळे मिटतेस का?"

"वाटलं तर तुझ्या थांब्यापुढे नेऊन सोडीन."

"मग ये."

डेल्फाने कुंपणावरचा कोट उचलला आणि अंगात चढवला. बोटं गार पडली होती. ती बटणं लावत होती तेवढ्यात मर्ल पाठीमागून बोलला. आवाज भांडणाचा नव्हता. लांब बंदूक त्याने लहान मूल धरावं तशी आडवी दोन्ही हातांवर घेतली होती.

"डेल्फा. मग ही मी इतकी वर्षं तेल लावून लावून कुणासाठी जपली?"

डेल्फा थांबली. वळून त्याच्याकडे बघितलं, बंदुकीकडे बघितलं. मग शेवटचं बटण लावलं आणि बर्फातून तिकडे चालू लागली, जिथे फळीसमोर हॅटी तिच्यासाठी जागा सोडून उभी होती.